इंग्रजी वाक्संप्रदाय : अर्थ आणि वापर

इंग्रजी वाक्संप्रदायांच्या ज्या याद्या आपल्याकडील मुलें पाठ करतात, त्यांत बहुधा एका रकान्यांत संप्रदाय व शेजारच्या रकान्यांत त्याचा अर्थ, एवढेंच असतें. आमची तक्रार अशी कीं, या पद्धतीनें अर्थ कळतो, पण वापर कळत नाहीं. आणि वापरावांचून कळलेला अर्थ पुष्कळदां फसवा निघतो.

'बादलीला लाथ मारणें' हा संप्रदाय घ्या. यादींत त्याचा अर्थ 'मरणें' असा असतो, व तो खोटा नाहीं. परंतु इंग्रजींत तो थट्टेचा प्रयोग आहे. 'कैलासवासी झाले' आणि 'गचकला' यांचाही अर्थ एकच. म्हणून सांत्वनाच्या पत्रांत कोणी 'गचकला' लिहीत नाहीं. यादीवर विसंबणारा विद्यार्थी मात्र इंग्रजी पत्रांत नेमकें तेंच करील, आणि आपण काय केलें याचा त्यास पत्ताही लागणार नाहीं.

अर्थ सरकला म्हणजे तो बिघडलाच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. इसापाच्या गोष्टींतला सिंह शिकारीचे सगळेच वाटे बळकावतो. इंग्रजींत पुढें 'सिंहाचा वाटा' म्हणजे केवळ सर्वांत मोठा भाग झाला. आणि आपण तर 'संस्थेच्या उभारणींत त्यांचा सिंहाचा वाटा होता' असें म्हणून एखाद्याचा गौरव करतों. लुटीचा शब्द दानाचा झाला, तरी त्यानें कोणाचें नुकसान झालें नाहीं.

'अपवादानें नियम सिद्ध होतो' या वचनाची गोष्ट निराळी. त्याचें मूळ लॅटिन कायद्यांत आहे. वाचनालयाच्या दारावर 'रविवारीं प्रवेश विनामूल्य' अशी पाटी असेल, तर इतर दिवशीं पैसे पडतात हें न सांगतां कळतें. अपवाद सांगितला, यावरून नियम ओळखावयाचा. सिसरोनें इ. स. पूर्व ५६ मध्यें बाल्बसाच्या बचावांत हाच मार्ग धरला. कांहीं तहांत 'यांपैकीं कोणास रोमचें नागरिकत्व देऊं नये' असें स्पष्ट कलम आहे. अर्थात् जेथें तें नाहीं, तेथें नागरिकत्व देण्यास मोकळीक आहे, असा त्याचा युक्तिवाद होता.

आपण काय करतों? 'मुलींना गणित जमत नाहीं' असें कोणी म्हणतो. शेजारची मुलगी गणितांत पहिली आली, हें दाखवितांच तो हंसून उत्तरतो, 'अपवादानें नियम सिद्ध होतो!' जो पुरावा त्याचें मत खोडतो, तोच त्याच्या मताचा आधार ठरतो. हा दोष केवळ आपला नव्हे. फाउलर यानें १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशांत या वचनाच्या दुरुपयोगाची सविस्तर चिकित्सा केली आहे.

चुकीचा शब्द वाक्य बिघडवितो. चुकीचें वचन विचार बिघडवितें. म्हणून मुलांच्या यादींत आणखी एक रकाना असावा, आणि त्यांत तो संप्रदाय कोणीं, कोणास, केव्हां म्हणावा हें लिहावें, एवढीच आमची सूचना आहे.