क्षमा आणि सोशिकपणा

लासे हाल्स्ट्रॉम यांनी दिग्दर्शित केलेला ‘ॲन अनफिनिश्ड लाइफ’ हा २००५ सालचा बोलपट आम्ही नुकताच घरच्या मंडळींसमवेत पुन्हा पाहिला. मार्क स्प्रॅग यांची याच नावाची कादंबरी त्याआधी एक वर्ष प्रसिद्ध झाली होती; पटकथाही त्यांनी व त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांनी मिळून लिहिली आहे. स्प्रॅग वायोमिंगमधील एका रँचवर वाढले. रँच म्हणजे आपल्याकडील शेत नव्हे. गुरे पाळण्यासाठी राखलेला माळरानाचा विस्तीर्ण टापू होय. त्या जीवनाची लेखकास घरची ओळख आहे, हे पदोपदी जाणवते.

जीन नावाची विधवा आपल्या मारकुट्या प्रियकराचे घर सोडते आणि मुलीस घेऊन सासऱ्याच्या रँचवर येते. संकटात सापडलेली आपली लेक माहेरची वाट धरते. ही सासरची धरते, आणि तीही जो सासरा तिचे तोंड पाहण्यास तयार नाही त्याच्याकडे! आयनरचा मुलगा ज्या अपघातात गेला त्या वेळी मोटार जीन चालवीत होती. तिला डुलकी लागली. तेवढ्यावरून म्हाताऱ्याने तिला मुलाची मारेकरीण ठरविले आहे. तो मुलाच्या थडग्यापाशी बसून त्याच्याशी बोलतो. आपणांस एक नात आहे हे मात्र त्याला ठाऊकही नसते.

परंतु कथेचे मर्म सासरा-सुनेच्या भांडणात नाही, असे आम्हांस वाटते. आयनरचा जिवलग मिच याला वर्षापूर्वी एका ग्रिझली अस्वलाने फाडले. त्या वेळी आयनर दारूच्या अंमलाखाली होता. वेळेवर धावून जाणे त्याच्या हातून झाले नाही. आता तो मिचला रोज सुई टोचतो, त्याच्या जखमांची निगा राखतो. याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. मुलाच्या दुःखाने दारू आली, दारूने मित्राचा घात झाला; तेव्हा सुनेचा अपराध कायम राहणे त्याच्या सोयीचेच आहे. तिला निर्दोष म्हटले की सारा हिशेब त्याच्याच नावावर चढतो. रॉबर्ट रेडफोर्ड यांनी हा आडमुठेपणा फार संयमाने दाखविला आहे.

मिचची गोष्ट वेगळी. पकडून पिंजऱ्यात घातलेल्या त्या अस्वलास सोडून द्यावे, अशी गळ तोच आयनरला घालतो. मॉर्गन फ्रीमन यांच्या तोंडी हे मागणे मुळीच नाटकी वाटत नाही. मात्र सुटलेले अस्वल पुढे मिचसमोर उभे राहते आणि एखाद्या सभ्य गृहस्थासारखे चालते होते, तेथे लेखकाचा हात दिसतो.

येथेच एक शंका निघते. अस्वलास क्षमा होते, पण जीनचा माग काढीत आलेल्या प्रियकरास आयनर बदडून काढतो व हाकलून देतो. हा विसंवाद नव्हे काय? आम्ही तसे बोलून दाखविताच आमच्या घरातून उत्तर आले, “अस्वल काही मारून झाल्यावर माफी मागत आणि माफी मागून झाल्यावर पुन्हा मारत नव्हते.” तीस वर्षे वर्गात वाङ्मय शिकवूनही हा भेद आम्हांस सुचला नव्हता, हे कबूल करणे भाग आहे. क्षमा आणि सोशिकपणा यांची आपण नित्य गल्लत करतो. मार खाऊन आलेल्या मुलीस ‘झाले गेले विसरून जा’ म्हणून परत धाडणारी सुशिक्षित घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्या सल्ल्यास आम्हीही एकदा मान डोलाविली होती. जीनने पुष्कळ सोसले. तिचे क्षमा करणे संपले, म्हणूनच तिची लेक वाचली.

आमची तक्रार निराळीच आहे. अपघाताचे ओझे जीननेही इतकी वर्षे वाहिले. आपण माराच्याच लायकीच्या आहोत, ही तिची समजूतही त्यातूनच आली असावी. पण ते ओझे ती केव्हा व कसे खाली ठेवते, हे पटकथा नीट दाखवीत नाही. दोघा म्हाताऱ्यांस बोलावयास ओसरी मिळाली आहे. जेनिफर लोपेझ यांच्या वाट्यास मात्र बहुधा ऐकून घेण्याचेच काम आले आहे.