तिसऱ्या फ्रेममधली सावली

माझ्या मामाच्या एका निगेटिव्हच्या पट्टीवर शकुंतला या रेल्वेगाडीच्या तीन फ्रेम आहेत. तिन्ही कृष्णधवल. जानेवारी १९९४ मधल्या एकाच दुपारी, एकाच गाडीच्या, यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर टिपलेल्या. मामाचा यवतमाळात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांवर त्याचं घर चाले, आणि उरलेल्या पैशांतून तो हे असलं काही करी. त्या दिवशी त्याचा एक मित्र अँबेसेडर चालवत होता, मामा पुढे बसला होता आणि मी, अकरा वर्षांचा, मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून शिट्टी ऐकू येते का ते सांगत होतो.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. रूळ अडीच फुटांचे. गाडी ताशी वीसेक किलोमीटरने जाई. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ही लाईन टाकली, ती वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर चढवण्यासाठी. तिथून तो मुंबईच्या बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जाई. पुढे त्याच मँचेस्टरात १९२१ साली बांधलेलं झेडडी जातीचं इंजिन इथे आलं, १९२३ पासून धावू लागलं आणि सत्तर वर्षं धावत राहिलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, पण या लाईनची मालकी कंपनीकडेच राहिली. तिकिटावर काहीही छापलेलं असो, लोकांच्या तोंडी ती शकुंतलाच होती.

पहिली फ्रेम यवतमाळ सोडताच घेतलेली आहे. दुपारची वेळ. बॉयलरवरचे रिव्हेट मोजता येतील इतकं इंजिन स्वच्छ दिसतं. डब्यांच्या खिडक्या सरळ रांगेत आहेत, क्षितिज आडवं आहे. फोटोग्राफीच्या पुस्तकात छापावी अशी ही फ्रेम, तरी ती निर्जीव आहे. धुराड्यावर काहीच नाही, फक्त हवेचा किंचित थरथराट. इंजिन धावत होतं याची एकही खूण कागदावर उरलेली नाही. ते उभं होतं असं कुणी म्हटलं, तर ते खोडून काढता येणार नाही.

वाफ मुळात दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो ते धुराड्यातून बाहेर पडल्यावर थंड हवेत तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. हवा उबदार असली की ते थेंब धड बनतच नाहीत, किंवा बनतात तोच विरून जातात. मग उरतो तो कोळशाचा धूर, आणि फायरमनने आग नीट राखली असेल तर तोही पातळ. म्हणून विदर्भाच्या दुपारी वाफेच्या इंजिनाचा श्वास दिसत नाही. मामाला हे पुस्तकातून नव्हे, असे रोल वाया घालवून कळलं होतं. पहिली फ्रेम घेऊन तो मोटारीत बसला आणि म्हणाला, "चाल, पुढं पाहू. अजून गरम हाय."

मंद गाडीचा पाठलाग वेगळाच असतो. वेगवान गाडी हातची निसटेल ही धास्ती असते. शकुंतला निसटणं शक्यच नव्हतं. आमची अँबेसेडर तिला कुठेही गाठू शकत होती, चहा पिऊनही गाठू शकत होती. धास्ती उलटी होती. आपण जागेवर पोचलो, गाडीही आली आणि उजेड मात्र अजून आलाच नाही, तर काय? रूळ कधी रस्त्याला चिकटून चालत, कधी शेतात शिरून पऱ्हाटीआड दिसेनासे होत. ते पुन्हा कुठे बाहेर येतात, कुठे झाड आड येत नाही, कुठे तारांचे खांब नाहीत, हे मामाला पाठ होतं. त्याचा पाठलाग खरं तर गाडीच्या मागे नव्हताच. तो कलत्या उन्हाच्या मागे होता, आणि गाडी त्या उन्हात शिरेल ती एक जागा शोधत होता.

दुसरी फ्रेम लाडखेडजवळची. ही चालत्या मोटारीतून घेतलेली आहे. गाडीच्या बरोबरीने राहायचं म्हणून मित्राने अँबेसेडर दुसऱ्या गिअरवर आणली होती. शटर मंद ठेवून मामाने कॅमेरा डब्यावर स्थिर धरला. त्यामुळे डबा ठळक आहे आणि मागचं कापसाचं शेत पांढऱ्या रेघांसारखं फरफटत गेलं आहे. धुराड्यावर आता फाटक्या चिंधीएवढी वाफ आहे. पण या फ्रेमचा जीव वाफेत नाही, खिडकीत आहे. एका खिडकीत मांडीवर पोर घेतलेली बाई, दुसऱ्या खिडकीत डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला म्हातारा, आणि दोघांचीही नजर थेट आपल्यावर. रुळाशेजारी उभं राहून घेतलेल्या फोटोत अशी नजर सहसा मिळत नाही, कारण तिथे प्रवासी आपल्यासमोरून निघून जातो. इथे दोन्ही गाड्या एकाच चालीने चालल्या असल्यामुळे काही क्षण कुणी कुणाला मागे टाकलं नव्हतं. म्हातारा हसतोय. दोन वाटसरू बोलत चालावेत तसं ते आहे. मला ही फ्रेम पहिलीहून कितीतरी श्रेष्ठ वाटते, आणि तिच्यातला तिरका झालेला डबा मला जराही खटकत नाही.

तिसरी दारव्ह्याच्या अलीकडची. मामा उतरून एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहिला. दूर धूर दिसला तेव्हा मी ओरडलो, आणि त्याने हात वर करून मला गप्प केलं. "थांब नं, येऊन रायली." उन्हं कलली होती, काळ्या मातीतली ऊब उतरायला लागली होती.

या फ्रेमचा वरचा अर्धा भाग वाफेने भरला आहे, आणि ती मागे पसरलेली नाही, सरळ उभी आहे. धावत्या इंजिनाची वाफ मागे वाहते, हे आपण धरूनच चालतो. पण हिवाळ्यात इकडे वारा बहुधा पूर्वेकडून असतो आणि गाडी पश्चिमेकडे चालली होती. पाठीमागच्या वाऱ्याची आणि गाडीची चाल जुळली की वाफेला ओढणारं कुणी राहत नाही. म्हणून तो पांढरा खांब उभा आहे. शकुंतला किती सावकाश जाई, हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही. तेज गाडीच्या माथ्यावर असा खांब त्या मंद वाऱ्यात उभा राहिला नसता. खाली इंजिन लहानसं दिसतं, सूर्य समोर असल्याने त्याचा चेहरा उजळलेला आहे, आणि रुळाच्या दोन्ही अंगांना शेवटच्या वेचणीला आलेली पऱ्हाटी आहे. ज्या कापसासाठी ही लाईन आली, तो त्याच फ्रेममध्ये उभा आहे.

आणि सगळ्यात खाली सावल्या आहेत. सूर्य मामाच्या पाठीशी, अगदी उतरलेला. त्यामुळे त्याची लांब सावली रुळाच्या दिशेने पसरली आहे. कॅमेरा धरलेले दोन्ही कोपर सावलीतही ओळखू येतात. तिच्या मागे अँबेसेडरच्या गोलसर टपाची सावली, आणि बाजूला एक छोटी सावली, एक हात वर केलेली. ती माझी.

आपली सावली फ्रेममध्ये येऊ देऊ नये, हे फोटोग्राफीतलं पहिलं शिक्षण. मामा ते स्टुडिओत येणाऱ्या पोरांना शिकवत असे. दोन पावलं सरकून ती त्याला टाळता आली असती. ती त्याने जाणूनबुजून राहू दिली असं मी मानतो, कारण तिच्यावाचून हा फोटो कुठल्याही वाफेच्या गाडीचा होईल. सावल्यांमुळे तो त्या दुपारी तिच्यामागे आलेल्या माणसांचा होतो. पाठलाग करणारे आणि जिचा पाठलाग केला ती, दोघं एका कागदावर आले आहेत. मात्र इंजिनाच्या चाकांना सावली पोचलेली नाही, मध्ये थोडी मोकळी जमीन आहे. त्या रिकाम्या जागेवर माझी नजर दर वेळी थांबते.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या गाड्या टिपल्या, त्यांतल्या बऱ्याचशा रात्री. सूर्य आपल्या सोयीने हलत नाही म्हणून त्याने उजेडच आपल्या हातात घेतला आणि फ्लॅशबल्बांच्या रांगा तारांनी जोडल्या. त्याच्या १९५६ सालच्या प्रसिद्ध फोटोत उघड्या टपाच्या मोटारीत बसलेलं जोडपं सिनेमा पाहतं आहे, पडद्यावर विमान आहे आणि मागून गाडी चालली आहे. एका शतकातली तीन वाहनं एका क्षणी एकत्र आली. ती महान कृती आहे. पण तिथे लिंकने क्षण रचला, मामाने क्षणाची वाट पाहिली. त्याच्याकडे बल्ब नव्हते, वाट पाहण्याचं धैर्य होतं, आणि त्या दुपारपुरतं ते पुरेसं ठरलं.

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचं इंजिन निवृत्त झालं आणि डिझेल आलं. त्या आठवड्यात मामा पुन्हा गेला होता, पण एप्रिलच्या उन्हात वाफ दिसली नाही. त्या रोलमधली एकही फ्रेम त्याने मोठी करून घेतली नाही. पुढे डिझेलची शकुंतलाही थांबली. ही लाईन ब्रॉडगेज करण्याची मागणी जुनीच आहे, आणि वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडकडे जाणारी नवी लाईन २०२४ मध्ये कळंबपर्यंत येऊन पोचली.

तिसऱ्या फ्रेमच्या प्रिंटमागे मामाच्या अक्षरात पेन्सिलीने चारच शब्द आहेत: "दारव्ह्याच्या अलीकडे, उन्हं कलताना." तेवढ्यावरून मी तो धुरा पुन्हा शोधू शकलो. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अचलपूर इथल्या घरांत अजून शकुंतलेचे फोटो असतील, कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये, कुणाच्या ट्रंकेत. ते काढा. ज्यांना जागा आठवते ती माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांना विचारा, आणि प्रत्येकामागे गावाचं नाव नि दिवसाची वेळ लिहून ठेवा.