अधिकारमर्यादांचे लेखन : एक चिकित्सा

अजिंठ्याची लेणी पाहण्यास निघालेल्या प्रवाशाचे वाहन फर्दापूरच्या फाट्यावर थांबते. पुढील सुमारे ४ किलोमीटरांचे अंतर त्याला नेमून दिलेल्या बसने काटावे लागते. आणि लेण्यात शिरल्यावरही कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरण्यास मनाई असते. प्रवेश, वाहन आणि साधन या तीन निराळ्या परवानग्या होत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. संगणकीय कार्यप्रणालीतील ‘कंटेनर’विषयक माहितीपुस्तिकांत हा साधा विवेक अनेकदा हरवलेला दिसतो.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे. त्यातील प्रक्रिया यजमान यंत्राचाच कर्नल वापरतात. त्यांना काय दिसावे आणि काय करता यावे, एवढ्यावरच बंधने असतात. ही बंधने नेमकी सांगणे हाच अशा पुस्तिकेचा गाभा ठरतो. लिनक्सच्या २.२ या १९९९ मधील आवृत्तीपासून ‘रूट’चा अखंड अधिकार लहान लहान क्षमतांत विभागला गेला. तथापि ती विभागणी समतोल राहिली नाही. ‘सिस-अॅडमिन’ या एकाच क्षमतेत इतकी कामे कोंबली गेली की, २०१२ मध्ये मायकल केरिस्क यांनी तिला ‘नवा रूट’ म्हटले.

उपकरणांच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. उपकरणाची फाइल कंटेनरात दिसणे, ती उघडण्यास सीग्रुपच्या नियमाने मोकळीक असणे आणि त्या फाइलीवर वापरणाऱ्याचा हक्क असणे, या तीन वेगळ्या अटी आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉकरमधील ‘डिव्हाइस’ हा पर्याय नेमके एक उपकरण खुले करतो. वाचणे, लिहिणे व नोड निर्माण करणे यांपैकी काय चालेल, हेही त्यात ठरविता येते. उलट ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय सर्व क्षमता देतो, यजमानाची सर्व उपकरणे खुली करतो आणि सीकॉम्पची गाळणीही काढून घेतो. तरीही उपकरण न सापडल्यास ‘प्रिव्हिलेज्ड’ वापरावे, असा एका ओळीचा तोडगा सर्रास दिला जातो. यजमानाची डिस्कच हाती आल्यावर कंटेनरची भिंत नावापुरती उरते, हे त्या ओळीत नसते.

नवशिक्याला सोपा मार्ग हवा, असे या लेखनाचे समर्थन केले जाते. परंतु सोपेपणाची किंमत नंतर मोजावी लागते, याची साक्ष अजिंठ्याच्या भिंतीच देतात. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील चित्रांच्या नकला झाल्या. चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश चढविले गेले. पुढे तोच थर काळवंडून रंगांना झाकू लागला. पाहण्याच्या कामात मूळ वस्तूत फेरफार करण्याचा अधिकार नकळत मिसळला गेला होता.

म्हणून आज्ञा लिहून देणे म्हणजे दस्तऐवजीकरण नव्हे. कोणती क्षमता दिली, कोणते उपकरण खुले केले, कोणत्या कामासाठी, आणि ती परवानगी काढून घेतल्यास नेमके काय अडते, या चार प्रश्नांची उत्तरे नसलेली पुस्तिका कितीही सुबोध असली, तरी अपुरीच मानली पाहिजे. मर्यादा लिहून ठेवली नाही, तर ती ओलांडली गेल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही.