सायबर गुन्हेविषयक कायदे आणि मानवी हक्कांची हमी : एक चिकित्सा

संगणकीय गुन्ह्याला देशाची सीमा नसते. त्याचा तपास मात्र सीमेपाशी अडतो. ही अडचण दूर करण्याच्या हेतूने युरोप परिषदेचा सायबर गुन्हेविषयक करार २३ नोव्हेंबर २००१ रोजी बुडापेस्ट येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला व २००४ मध्ये अमलात आला. त्यातील कलम १५ तपासाच्या अधिकारांना मानवी हक्क व प्रमाणबद्धता यांची मर्यादा घालते. परंतु या संरक्षणाचे प्रत्यक्ष स्वरूप ठरविणे त्या त्या देशाच्या कायद्यावरच सोपविते.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी स्वीकारलेल्या करारातही ही उणीव कायम आहे. कलम ६ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम २४ मध्ये स्वतंत्र पुनर्विलोकनाचा व दाद मागण्याच्या हक्काचा निर्देश आहे. तथापि तोही देशांतर्गत कायद्याच्या चौकटीतच. शिवाय, ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा चार वर्षे वा अधिक आहे, तो ‘गंभीर’ मानून त्याच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी अन्य राष्ट्रांचे साहाय्य मागता येते. गांभीर्याचा निकष असा कृत्याच्या स्वरूपात नसून शिक्षेच्या मुदतीत आहे. टीकेलाच कठोर शिक्षा ठेवणारे राज्यही या निकषात बसू शकते. राजकीय मतांमुळे खटला भरला जात असल्यास विनंती नाकारण्याची मुभा आहे. परंतु तिचा वापर विनंती आलेल्या राज्याच्या विवेकावर अवलंबून राहतो.

देशांतर्गत कायद्यावरील हा विश्वास किती सार्थ आहे, हे भारताच्या अनुभवावरून तपासता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’ या शब्दांची व्याख्याच नव्हती. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले.

लिखित राज्यघटना व स्वतंत्र न्यायसंस्था असलेल्या देशात ही स्थिती असेल, तर जेथे या दोहोंचा अभाव आहे तेथे देशांतर्गत कायद्याचा हवाला ही हमी ठरत नाही. न्यायालयाची पूर्वपरवानगी, गुन्ह्याची काटेकोर व्याख्या आणि बाधित व्यक्तीला सूचना या किमान अटी करारातच बंधनकारक असणे आवश्यक आहे. त्यांच्या अभावी तपासाचे अधिकार सीमा ओलांडतात आणि नागरिकाचे हक्क मात्र सीमेच्या आतच राहतात.