कमानींचा सोस

कोल्हापूर आणि पुणे येथील विमानतळांच्या नव्या इमारतींचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी एकाच समारंभात झाले, आणि त्यांच्या दर्शनी कमानींची जी स्तुतिस्तोत्रे तेव्हापासून कानी पडत आहेत, ती ऐकून हा लेख लिहिणे मला भागच पडले. कमानी शोभतात, हे मान्य. पण त्या उचलतात काय?

वास्तुकार व्हेंचुरींनी १९६६ साली आधुनिकांच्या सोवळेपणावर घाव घातला आणि कमान, घुमट, खांब या बहिष्कृत मंडळींना पुन्हा पंक्तीत पान मिळाले, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. परंतु विमानतळावर त्या विचाराचे सार्थक मला एकाच ठिकाणी झालेले दिसते: शिकागोच्या ओहेअर विमानतळावर हेल्मुट यान यांनी युनायटेड कंपनीसाठी उभारलेल्या, १९८७ पासून प्रवाशांस खुल्या झालेल्या इमारतीत. एकोणिसाव्या शतकातील रेल्वे स्थानकांच्या काच-पोलादी छपरांचे स्मरण तेथे पदोपदी होते, आणि तरीही ते स्मरण वरून चिकटवलेले नाही. कारण ज्या पांढऱ्या तुळया वाकून काचेचे छत तोलतात, ज्यांच्या पोटात ओळीने गोल छिद्रे पाडून त्यांचे वजन उतरवले आहे, आणि ज्या नळखांबांच्या जुडग्यांवर त्या टेकल्या आहेत, त्यांतूनच स्थानकाचे ते जुने रूप साकारते. पुढे दोन दालनांना जोडणाऱ्या भुयारात, सरकत्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या थकल्या प्रवाशाच्या डोक्यावर मायकेल हेडन यांच्या निऑन नळ्यांचे रंग धावत असतात आणि दोन्ही बाजूंच्या लाटदार भिंती आतून उजळलेल्या असतात. हा थिल्लरपणा आहे, असे काही गंभीर समीक्षक म्हणतात, खुशाल म्हणोत. भुयारातली कंटाळवाणी पायपीट ज्याने सुसह्य केली, त्याचा थिल्लरपणा मला शिरोधार्य आहे.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमानतळावर १९९७ साली पेल्ली यांनी चोपन्न घुमट मांडले. तेथे घुमट हेच बांधणीचे माप असल्यामुळे त्यांनाही अभय. डेन्व्हरचे तंबू छायाचित्रापुरते. स्टॅनस्टेडचा फॉस्टरकृत मंडप निर्दोष आहे, आणि निर्दोष माणसांइतकाच रटाळ.

मुंबईच्या २०१४ सालच्या दुसऱ्या टर्मिनलपाशी मात्र माझे मन द्विधा होते. तीसच खांबांवर एवढे अफाट छत पेलण्याची करामत खरी आहे, आणि छताच्या खणांतील रंगीत काचांतून मोरपिसाचे ठिपके फरशीवर उतरतात तेव्हा टीकाकाराची लेखणी क्षणभर थबकते. पण खांबाचे ते पिसाऱ्यासारखे फुलणे म्हणजे पोलादी सांगाड्यावर चढवलेले आवरण आहे, हे लक्षात येताच निम्मा आनंद ओसरतो.

उरलेला निम्मा आनंद कोल्हापुरी ओसरला. तेथील काळ्या दगडाच्या कमानी नव्या राजवाड्याची आठवण करून देतात. तो १८८४ साली पुरा झालेला राजवाडा मेजर मँट नामक इंग्रज अभियंत्याने नाना शैलींची सरमिसळ करून रचला, तेव्हा 'परंपरा' म्हणून आपण जिचा जयघोष करतो तीही एका कल्पक पाहुण्याचीच तजवीज होती! तथापि मँटच्या कमानीवर दगडाचा भार आहे. विमानतळाच्या कमानीमागे छताचा भार सांगाडाच वाहतो, कमान केवळ हजेरी लावते. पुण्यातही तोच प्रकार, आणि अयोध्येत तर विमानतळाला मंदिराचेच रूप दिले आहे. उंबरठा ओलांडून आत जावे तर तीच फरशी, तेच सरकते जिने, तीच दुकाने. म्हणजे अस्मिता काय ती मोटारीतून उतरेपर्यंतच. व्हेंचुरींनी सजवलेल्या छपरीचा पुरस्कार केला खरा, पण मिस्कील डोळ्याने, तिची सजावट ही सजावटच आहे हे उघड सांगून. आपण तो मिस्कीलपणा गाळून भक्तिभाव तेवढा घेतला. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला विमानतळावर हवी असते ती पावसाळ्यात कोरडी राहणारी खोल ओसरी, उन्हाळ्यात डोळ्यांवर न येणारा उजेड; वाडे बांधणाऱ्यांना या गोष्टी कळत होत्या, आणि कमानीची नक्कल करताना नेमक्या त्याच आपण विसरलो.

म्हणून यापुढे ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने अशा इमारतींना मंजुरी मिळते, त्यांना माझी एकच विनंती आहे: निविदेसोबत येणारे रंगीत दर्शनी चित्र बाजूला ठेवावे, इमारतीचा उभा छेद आधी मागवावा, आणि कमानीवरचा भार कोठे उतरतो हे त्यात दाखवता आले नाही, तर ते दप्तर तसेच परत धाडावे.