यक्ष, एल्फ आणि वैद्य : एलरॉन्डच्या व्यक्तिरेखेचा एक विचार

परभाषेतील एखादी व्यक्तिरेखा आपल्या भाषेत आणावयाची झाली म्हणजे तिच्या गुणावगुणांपूर्वी तिच्या जातिवाचक नामाचा प्रश्न उभा राहतो. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या त्रिखंडात्मक कथेतील एलरॉन्ड हा 'एल्फ' आहे, किंबहुना अर्धा एल्फ आहे. तो एका खोऱ्यातील आश्रयस्थानाचा अधिपती आहे, सहा हजारांहून अधिक वर्षे जगलेला आहे, आणि आपल्या काळातील श्रेष्ठ वैद्य म्हणून त्याची ख्याती आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका येथे एखाद्याने ही कथा मोठ्याने वाचावयास घेतली, तर 'एल्फ' या शब्दापाशी ऐकणारा त्याला थांबवील आणि 'म्हणजे कोण?' असे विचारील. या प्रश्नाला भाषांतरकाराने द्यावयाचे उत्तर हे वरवर पाहता कोशातले उत्तर आहे. पण त्याचा पाठपुरावा केला असता ते एलरॉन्डच्या व्यक्तिरेखेच्या गाभ्यापर्यंत आपल्याला नेते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

उपलब्ध शब्द तीन. 'परी' हा शब्द फारसीतून आला. त्यात लावण्य आणि पंख आहेत, वय आणि अधिकार नाही. 'गंधर्व' शब्दात गायन आहे, आणि टोल्किनचे एल्फही गाणारे आहेत. पण बालगंधर्वांच्या नंतर मराठी कानाला तो शब्द रंगभूमीपासून वेगळा करता येत नाही. तिसरा शब्द 'यक्ष'. यक्ष प्राचीन आहे, मनुष्याहून थोर पण देवाहून उणा आहे, वृक्षांशी आणि जलाशयांशी त्याचे नाते आहे, आणि महाभारतातील यक्षप्रश्नाच्या प्रसंगात तर तो ज्ञानाची परीक्षा घेणारा आहे. तेव्हा अर्थदृष्ट्या हाच शब्द सर्वांत जवळचा ठरतो. परंतु या शब्दाचे मराठीत पुढे काय झाले, हे लक्षात घेतले पाहिजे. यक्षी झिजत झिजत 'जाखाई' झाली व गावाच्या वेशीवर जाऊन बसली. यक्षिणीची 'जखीण' झाली आणि ती भुताखेतांत मोजली जाऊ लागली. संस्कृत काव्यात मेघाला निरोप सांगणारा विरही यक्ष आणि बोलीत अंगात येणारी जखीण ही एकाच कुळाची दोन टोके होत.

हा ऱ्हास केवळ आपल्याकडचा नव्हे. ऑक्सफर्ड येथे १९२५ ते १९४५ या काळात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक असलेल्या टोल्किन यांच्यासमोर नेमकी हीच अडचण होती. 'एल्फ' हा शब्द त्यांच्या काळापर्यंत फुलांत लपणाऱ्या बोटभर उंचीच्या जीवांचा वाचक होऊन बसला होता. आपल्या कथेच्या परिशिष्टात त्यांनी या शब्दाच्या क्षुद्रीकरणाबद्दल खंत व्यक्त केली आहे आणि त्याला त्याचे जुने माप परत मिळावे असा यत्न संपूर्ण कृतीभर केला आहे. परंतु ते जुने माप तरी कसे होते? प्राचीन इंग्रजीत एकीकडे आल्फ्रेड, आल्फ्रिक यांसारखी राजांची आणि धर्मगुरूंची नावे या शब्दाने आरंभतात. आल्फ्रेड म्हणजे ज्याला एल्फांचा सल्ला लाभतो तो. दुसरीकडे दहाव्या शतकातील हस्तलिखितात उतरलेल्या वैद्यकग्रंथांत 'एल्फ-व्याधी' नावाचा रोग येतो, त्यावर वनस्पतींचे काढे व मंत्र सांगितलेले असतात. अकस्मात उठणाऱ्या शुळेवरील एका मंत्रात तर एल्फांचा बाण शरीरात रुतला असल्याची कल्पना आहे. म्हणजे जुन्या इंग्रज वैद्याच्या दृष्टीने एल्फ हा रोगाचे कारण होता.

येथे एलरॉन्डचे वेगळेपण प्रथम ध्यानात येते. ज्या भाषेच्या वैद्यकात एल्फ बाण मारीत होता, त्या भाषेच्या पंडिताने आपल्या कथेत एल्फाला वैद्य केले. फ्रोडोच्या खांद्यात शत्रूच्या शापित सुरीचे पाते शिरते, त्याचा तुकडा आत मोडून राहतो आणि हृदयाच्या दिशेने सरकू लागतो. सतरा दिवस तो शरीरात असतो. अखेर एलरॉन्ड तो शोधून काढतो. शरीरात रुतलेले अदृश्य शल्य ही प्रतिमा त्या जुन्या मंत्रातील प्रतिमेच्या अगदी जवळची आहे. फरक एवढाच की, शल्य मारणारा आता दुसरा कोणी आहे, आणि एल्फ ते उपटून काढणारा आहे. ही अदलाबदल टोल्किन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाकडून अजाणता झाली असेल असे मानणे कठीण आहे.

रोग देणारी शक्तीच रोग हरण करणारी होते, ही कल्पना आपणांस अपरिचित नाही. तिचा एक भव्य पुरावा आपल्याच परिसराच्या इतिहासाशी निगडित आहे. आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली उजेडात आलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट येथूनच दिलेला असून त्यात संस्कृतबरोबर प्राकृताचाही उपयोग केला आहे. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांना बहर आला. सोळाव्या लेण्यातील लेखात त्याचा सचिव वराहदेव याचे नाव आहे. दुसऱ्या लेण्यात गर्भगृहाच्या एका अंगास हारीती आणि पांचिक या यक्षदंपतीचे उपमंदिर आहे. हारीतीची कथा अशी की, ती नगरातील मुले पळवून खात असे. बुद्धाने तिचेच धाकटे मूल लपवून ठेवले; स्वतःच्या अनेक मुलांपैकी एकाच्या वियोगाने ती व्याकूळ झाली, तेव्हा इतर मातांचे दुःख तिला कळले. तिने हिंसा सोडली व ती बालकांची रक्षणकर्ती झाली. बदल्यात विहारांतून तिला नित्य अन्न मिळू लागले. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग याने विहारांतील तिच्या प्रतिमेची व तिला अन्न अर्पण करून अपत्य आणि आरोग्य मागणाऱ्या लोकांची नोंद केली आहे. अजिंठ्याच्या शिल्पात तिच्या पायाशी मुलांची रांग आहे. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी आहेत, तर दुसऱ्या टोकाची मुले एडक्यांच्या झुंजीत दंग आहेत. भयाची यक्षी येथे घरातली झाली आहे.

हारीती आणि एलरॉन्ड यांची तुलना केवळ सादृश्यासाठी करावयाची नाही. त्यांतील भेद अधिक उद्बोधक आहे. हारीतीच्या उपकारकतेचे मूळ तिच्या अपकारकतेत आहे. जी मूल नेऊ शकते तिलाच मूल राखण्याचा अधिकार. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाबाहेर नेताना हाच न्याय गृहीत धरलेला असे: जी आणते तीच नेईल. या व्यवहारात भक्त आणि देवता यांच्यात करार असतो, नैवेद्य असतो, आणि मनात थोडी भीती शिल्लक असते. एलरॉन्डच्या ठिकाणी हे काही नाही. त्याच्या हाती रोग नाही, म्हणून त्याला नैवेद्यही नाही. त्याची विद्या स्मरणातून आणि संयमातून आलेली आहे. क्रिस्टोफर टोल्किन यांनी १९९३ साली 'मॉर्गॉथ्स रिंग' या ग्रंथात प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात एल्फांची अशी समजूत सांगितली आहे की, कोणाचाही प्राण घेतल्याने, मग ती मृगया का असेना, रोगहरणाची शक्ती क्षीण होते. म्हणून त्यांच्यातील वैद्य शिकारीला जात नाहीत, आणि युद्धालाही अगदी अखेरच्या प्रसंगीच जातात. मारणारा हात आणि तारणारा हात एक असू शकत नाही, हे या समजुतीचे सूत्र. ते हारीतीच्या सूत्राच्या थेट उलट आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. दोष काढून टाकलेली व्यक्तिरेखा वंदनीय होते. पण ती वाङ्मयात जिवंत राहते काय? मुख्य कथानकापुरते बोलावयाचे तर एलरॉन्ड हा बराचसा आसनस्थ राहतो. तो सभा भरवितो, जुना इतिहास सांगतो, निरोप देतो. त्याच्या नेतृत्वाचे वैशिष्ट्य मात्र लक्षणीय आहे. त्या सभेत तो कोणालाही आज्ञा करीत नाही. मुद्रिकेचे ओझे फ्रोडो स्वतः होऊन उचलतो, आणि त्याच्या सोबत्यांवर एलरॉन्ड शपथेचे कोणतेही बंधन घालीत नाही. रोग्याला औषध सांगावे, पण ते गिळण्याची सक्ती करू नये, अशी ही वैद्याची राजनीती आहे. तरीही व्यक्तिरेखेला जे आंतरिक दुःख लागते ते येथे कोठे आहे, असा प्रश्न उरतोच.

ते दुःख लेखकाने परिशिष्टांत ठेवले आहे. एलरॉन्डची पत्नी केलेब्रियन हिला तिसऱ्या युगाच्या २५०९ या वर्षी डोंगरातील वाटेवर शत्रूंनी पकडले. तिला विषारी जखम झाली. एलरॉन्डने तिचे शरीर बरे केले. परंतु तिचे मन या भूमीवरून उडाले, आणि पुढच्याच वर्षी ती समुद्रापार निघून गेली. आपल्या कथेतील सर्वांत मोठ्या वैद्याला स्वतःच्या घरातील दुखणे बरे करता आले नाही. ही गोष्ट मूळ कथानकाच्या ओघात आली असती तर एलरॉन्डच्या गांभीर्याला कारण मिळाले असते. कालगणनेच्या कोष्टकात टाकल्यामुळे ती बहुसंख्य वाचकांच्या नजरेतून सुटते. रचनेचा हा दोष मान्य केलाच पाहिजे. मात्र तो दोष मान्य केल्यावर मुख्य कथेतील एका गोष्टीचा अर्थ उलगडतो. फ्रोडोची जखम भरली, तरी ज्या दिवशी ती झाली त्या दिवशी तो दर वर्षी आजारी पडतो. शल्य निघाले, व्यथा निघाली नाही. अखेर ज्या जहाजातून फ्रोडो ही भूमी सोडतो, त्याच जहाजात एलरॉन्डही आहे. रोगी आणि वैद्य एकाच नावेत बसून, एकाच अर्धवट राहिलेल्या उपचाराच्या शोधात जातात. केलेब्रियनची हकीकत जाणणाऱ्याला या प्रसंगाचे वजन वेगळेच भासेल.

आपल्या परंपरेत याच्या समोर ठेवण्याजोगा पुरुष म्हणजे अश्वत्थामा. त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला गेला आणि तीन सहस्र वर्षे रक्तपुवाचा वास वागवीत भटकण्याचा शाप त्याला मिळाला. जखमेसाठी तेल मागत तो नर्मदाकाठी फिरतो, ही समजूत लोकांत रूढ आहे. औषधावाचून अमरत्व हा आपल्याकडे शाप ठरला. टोल्किन यांनी औषध जाणणाऱ्यालाच अमरत्व दिले, आणि तरीही ते सुखाचे होऊ दिले नाही. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: दीर्घायुष्य हे दुखण्यावरचे उत्तर नव्हे.

मग एलरॉन्डला वैद्य होण्याची पात्रता कोठून आली? माझ्या मते, त्याच्या अर्धेपणातून. तो मनुष्य आणि एल्फ या दोन्ही कुळांचा. त्याने एल्फांचे जीवन निवडले, तर त्याचा जुळा भाऊ एल्रॉस याने मरणाधीन मानवांचे. अश्विनीकुमारांना वैद्य म्हणून माणसांत वावरल्यामुळे देवांनी सोमपानातून वगळले होते, आणि च्यवनाने त्यांना तो भाग मिळवून दिला, ही कथा येथे आठवते. जो दुःखिताच्या जवळ जातो तो आपल्या पंक्तीतून थोडा बाजूला पडतो. पंक्तीची शुद्धी आणि रोग्याचा स्पर्श ही दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नाहीत.

या ठिकाणी टोल्किन यांच्या कल्पनेची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. एल्रॉसचा वंशज आणि एलरॉन्डच्या घरी वाढलेला अरागॉर्न रोग्यांना हात लावून उठवितो आणि त्यावरून तो खरा राजा असल्याचे लोकांना पटते. विद्या वंशातून उतरते, ही कल्पना आजच्या वाचकाला सहज पटू नये. परंतु त्याच प्रसंगात आयोरेथ नावाची एक बडबडी वृद्ध परिचारिका आहे. राजाचे हात वैद्याचे हात असतात, ही जुनी म्हण तिलाच आठवते. विद्वान औषधिज्ञाला मात्र वनस्पतीची नावे तेवढी ठाऊक असतात, तिचा गुण नव्हे, आणि तिचा साठाही त्याच्यापाशी नसतो. राजवंशाच्या विद्येची ओळख पटविण्यास आजीबाईच्या स्मरणाची साक्ष लागते. लेखकाने हे हसत हसत सांगितले असले तरी त्यात मोठे सत्य आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. 'एल्फ'साठी 'यक्ष' हा शब्द योजावा, असे माझे मत आहे. यक्षाचे कुबेराशी आणि निधीशी असलेले नाते एल्फाला लागू पडत नाही, ही उणीव खरी. पण जो शब्द थोरवीपासून जखिणीपर्यंत घसरला, तोच घसरलेल्या 'एल्फ'चा सच्चा सोबती आहे. टोल्किन यांनी आपल्या भाषेतील एका अवनत शब्दाला पुन्हा उभे केले. आपल्याकडील जाखाई आणि हारीती यांना केवळ समाजशास्त्राच्या टिपणांत न ठेवता काव्यविचारात स्थान देणे, हे त्याच जातीचे काम आहे, आणि ते मराठीच्या अभ्यासकांनी करावयाचे आहे. जऊळक्याच्या श्रोत्याने 'म्हणजे कोण?' असे विचारले, तर त्याला वेशीवरची जाखाई दाखवावी आणि सांगावे की, ही नेहमीच अशी नव्हती. हिच्या कुळात कोणी मेघाशी बोलले आहेत, आणि कोणी मुले राखली आहेत. एलरॉन्ड कोण, हे त्याला त्यानंतर समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत.