मास्तर, पूर्वेला काय आहे?

इतिहासावरून आपण भांडतो. भांडलंच पाहिजे. मराठीच्या पुस्तकात कुणाचा धडा घातला, कुणाचा गाळला, यावर निवेदनं देतो, मोर्चे काढतो. भूगोलाच्या पुस्तकाला मात्र कुणी हात लावत नाही. डोंगर, नद्या, पिकं, खनिजं. त्यात कसली आलीय जात? असं समजून आपण ते पान उलटतो. आणि नेमकं तिथंच आठ-नऊ वर्षांच्या पोराला सांगितलं जातं की जग हे असं आहे, ते कुणी केलेलं नाही.

प्राथमिक शाळेतला भूगोल एका सूत्रावर उभा आहे. डी.एड.च्या पोरांकडून ते घोकून घेतात : ज्ञाताकडून अज्ञाताकडे, जवळून दूर. आधी घर, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश, जग. सूत्र वाईट नाही. डोळ्यांना दिसतं तिथून सुरू करावं, हे शहाणपणच आहे. पण त्याचं मूळ बघा. रूसोनं १७६२ साली ‘एमिल’ लिहिलं. त्यात पोराच्या भूगोलाचे पहिले दोन बिंदू त्यानं ठरवून दिले : पोरगा राहतो ते शहर आणि त्याच्या बापाचं खेड्यातलं घर. मग मधली ठिकाणं, आसपासच्या नद्या. म्हंजे ज्याच्या बापाला दोन-दोन घरं आहेत आणि मधल्या वाटेवर ज्याला कुणी हटकत नाही, असं पोर धरून हा भूगोल मांडला गेला.

आता आपलं पोर घ्या. देवळाचा गाभारा घरापासून तीनशे पावलांवर, पण आजा-पणजानं तो आतून बघितलेला नाही. मुंबई चारशे किलोमीटर लांब, पण काका तिथं गोदीत होता, म्हणून चाळ, नळ, लोकलची गर्दी पोराला तोंडपाठ. त्याचं जवळचं लांब आहे आणि लांबचं जवळ. ‘ज्ञात’ म्हणताना कुणाचं ज्ञात, हे सूत्र करणाऱ्यानं विचारलं नाही, घोकणाऱ्यानंही नाही.

‘माझे गाव’ या धड्याचा साचा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. मधे देऊळ, जवळ चावडी, मग ग्रामपंचायत, शाळा, विहीर, नदी, चारी बाजूंना शेतं. शेतकरी धान्य पिकवतो, सुतार औत करतो, कुंभार मडकी करतो, सगळे एकमेकांना मदत करतात. गावकी म्हणजे जशी काही सहकारी सोसायटीच! मेलेलं ढोर कोण ओढत होतं, ते या मदतीत येत नाही. आणि वेशीबाहेरची वस्ती नकाशाच्या सूचीत येत नाही. सूचीत देवळाला खूण, विहिरीला खूण, पुलाला खूण. आपल्याला खूण नाही.

याच पाठात दिशा शिकवतात. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा. समोर पूर्व, पाठीमागं पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. ठीक. पुढच्या पाठात येतं की नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्राकडून येतात. आणखी एका पाठात येतं की गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेकडे वाहतात, कारण पठाराचा उतार तिकडे आहे. तीन पाठ तीन ठिकाणी सुटे पडलेत. ते एकत्र बांधा आणि मग पोराला विचारू द्या : मास्तर, पूर्वेला काय आहे?

देशावरच्या पुष्कळ गावांत पूर्वेला, उताराच्या अंगाला, आपण आहोत. वारा आधी गावाला लागून मग आपल्याकडे. पाणी आधी गावाचं धुणं-भांडं, गुरं-ढोरं करून मग आपल्याकडे. काही गावांत मांडणी वेगळीही असेल, तुम्ही आपापल्या गावात जाऊन तपासा. पण जिथं अशी आहे तिथं ती वाऱ्यानं केलेली नाही आणि नदीनंही नाही. वारा-पाण्याची चाल बघून माणसांनी ठरवून केलेली आहे. मनूला भूगोल येत होता, आपल्याला मात्र तो फक्त मार्कांपुरता शिकवला.

पुस्तकाची सगळ्यात मोठी लबाडी इथं आहे. जे माणसानं केलं ते निसर्गाच्या नावावर खपवायचं. माण, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणून तिथं पाणी नाही. खरं आहे, सह्याद्री ओलांडल्यावर ढग रिकामे होतात. पण मग महाड घ्या. सावित्री नदीकाठचं गाव, सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त पाऊस जिथं पडतो त्या कोकणात. तिथं आभाळानं काही कमी केलेलं नव्हतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन ओंजळभर पाण्यासाठी चालत जावं लागलं. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. इतक्या पावसाच्या गावात तहान कुणी तयार केली? हा प्रश्न इतिहासाचा जेवढा, तेवढाच भूगोलाचा. चळवळीच्या अभ्यासवर्गात पोरं तारीख धडाधड सांगतात. नकाशावर महाडवर बोट ठेव म्हटलं की बोट कोल्हापूरकडे जातं.

उसाचंही तेच. नकाशात पश्चिम महाराष्ट्रावर ठिपके, खाली ‘साखर कारखाने’. काळी जमीन, पाटाचं पाणी, म्हणून कारखाने. तो ऊस तोडतं कोण? बीडचं पोर दिवाळीनंतर आई-बापाच्या मागं फडावर जातं आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. मधल्या काळात हजेरीपटावर ‘गैरहजर’. त्या पोराला कारखान्याची वाट, वाटेतले घाट, कुठल्या मुक्कामाला पाणी मिळतं, हे सगळं पाठ आहे. वर्गात त्याला ‘ऊस कोठे पिकतो?’ या प्रश्नाला अर्धा मार्क.

पोरांना हे झेपणार नाही असं कुणी म्हणेल. त्यानं मुक्ताचा निबंध वाचावा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मांगाची पोर. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जागेवरून हाकलून देऊन वर इमारती बांधल्या, पायात माणसं गाडली, तालिमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचं काय व्हायचं, हे तिनं ठिकाणाचं नाव घेऊन सांगितलं. कुठल्या वाटेनं गेलं की मरण, हे सांगणं म्हंजे भूगोलच. गुलटेकडीला आज मार्केट यार्ड आहे. पुण्याच्या पोरांना तिथं सहलीला न्या आणि हा निबंध वाचून दाखवा.

अलीकडचा दाखलाही आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या पाचवीच्या ‘आस-पास’मध्ये सफाईचं काम कोण करतं आणि तीच माणसं का करतात, असं सरळ विचारणारा धडा होता. तो वाचून देश काही बुडाला नाही.

आता अडचण. ती खरी आहे. मिसळ वर्गात ‘तुझं घर नकाशात दाखव’ म्हटलं की आपल्या पोराची जात फळ्यावर येते. मागच्या बाकावर खुसूखुसू सुरू. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो याच कारणानं बरोबर. पत्त्यात जात कशाला? पण महारवाड्याचं समतानगर झालं म्हणून वस्ती गावच्या मध्यात सरकत नाही, आणि खडू मास्तरच्या हातात असेतोवर पोराला फळ्यापुढं उभं करणं म्हंजे त्यालाच पुन्हा शिक्षा.

म्हणून घरापासून नको, पाण्यापासून सुरू करा. वर्गातल्या प्रत्येक पोरानं घरापासून पाणी भरायच्या जागेपर्यंतची पावलं मोजायची. मग शाळेपर्यंतची, दवाखान्यापर्यंतची, स्मशानापर्यंतची. नाव लिहायचं नाही, नुसता आकडा आणि दिशा. चिठ्ठ्या एका डब्यात. सगळे आकडे फळ्यावर मांडले की ते आपोआप वेगळे पडायला लागतात, आणि पाटलाचं पोरही विचारतं की पूर्वेकडचेच आकडे एवढे मोठे का. जिल्हा परिषदेच्या शाळांत आपले कैक मास्तर आहेत. त्यांना हे करायला कुणाची परवानगी लागत नाही, पाठ्यक्रमात ‘अंतर व दिशा’ आहेच. उन्हाळ्यात वस्तीवर वर्ग चालवणाऱ्यांनी आधी करून बघावं. सामान म्हणाल तर खडू, सुतळी आणि पत्र्याचा एक डबा. स्मशानाची पावलं मोजताना एक ध्यानात ठेवा, बऱ्याच गावांत स्मशानं दोन असतात. आपलं कुठलं आणि त्याला रस्ता आहे का, ते पोरांनाच लिहू द्या.